नाडीवरचा हात

शाळेच्या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थिनींनी काही लिहावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा आम्ही सहा जणींनी मिळून एकच लेख लिहिण्याचे ठरविले. आम्ही सहाही जणी या शाळेच्या मुलींच्या वसतिगृहात वाढलो. दहावीची वर्षे वेगवेगळी, गावे वेगवेगळी. व्यवसाय मात्र एकच, परिचर्येचा. आमच्यापैकी दोघी ग्रामीण रुग्णालयांत अधिपरिचारिका आहेत. एक उपजिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात, एक मुंबईतील मोठ्या रुग्णालयाच्या हृदयरोग अतिदक्षता कक्षात, एक खेड्यातील उपकेंद्रावर आणि सहावी आखाती देशात काम करते. शाळेचा इतिहास, संस्थापकांचे कष्ट, पत्र्याच्या खोल्यांपासून आजच्या इमारतीपर्यंतचा प्रवास यांविषयी अधिक अधिकाराने लिहिणारे अनेक मान्यवर या अंकात आहेत. आम्ही लिहिणार आहोत ते शाळा सोडल्यानंतर चालू राहिलेल्या शिक्षणाविषयी, आणि त्यातही एकाच विषयाविषयी: हृदयरोगाने आजारी असलेल्या माणसाला ओळखणे आणि सांभाळणे.

हा विषय केवळ आमच्या धंद्याचा आहे असे वाचकांना वाटण्याचा संभव आहे. परंतु हा अंक ज्या घरांत जाईल, त्यांतील क्वचितच एखादे घर असे असेल की जिथे कोणाची छाती दुखली नाही, कोणाला रक्तदाबाची गोळी चालू नाही, किंवा कोणी 'झटक्याने' गेले नाही. म्हणून हे लेखन जितके माजी विद्यार्थिनींचे आहे, तितकेच एका वस्तीतल्या लेकींचे आपल्या आईवडिलांशी चाललेले बोलणेही आहे.

जनरल नर्सिंगच्या अभ्यासक्रमात हृदयाविषयी आम्ही शिकलो ते परीक्षेपुरते होते असे म्हणणार नाही. ते पायाभूत होते. चार कप्पे, झडपा, रक्ताभिसरणाची आकृती, औषधांची नावे, नाडीचे मोजमाप, सारे पाठ होते. नोकरी लागली आणि रोजच्या धबडग्यात शिकण्याचा कालखंड संपला असे वाटू लागले. रात्रपाळीत चाळीस रुग्ण आणि एक सिस्टर, असा हिशेब असला की पुस्तक उघडायला कोणाला सवड असते? पुढे नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना सातत्यपूर्ण परिचर्या शिक्षणाचे तास दाखविणे आवश्यक झाले. नियम चांगला होता. परंतु चांगल्या नियमाचेही कधी कधी काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. एखाद्या सभागृहात दिवसभर भाषणे होतात, जेवण होते, सायंकाळी प्रमाणपत्र मिळते, आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात पाऊल टाकताना आदल्या दिवसातले काहीच बरोबर आलेले नसते.

काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी चौघींनी पाच दिवसांचे एक प्रशिक्षण एकत्र केले. रजा स्वतःची, प्रवासखर्च स्वतःचा. शिकविणाऱ्या बाई निवृत्त परिसेविका होत्या. त्यांनी पहिल्या दिवशी फळ्यावर काहीच लिहिले नाही. टेबलावर ईसीजीच्या जुन्या पट्ट्यांचा ढीग ठेवला आणि प्रत्येकीला विचारले, "हा माणूस तुमच्यासमोर आत्ता बसला आहे. पहिल्या दहा मिनिटांत तुम्ही काय कराल?" त्या पाच दिवसांत एकही प्रश्न याहून सोपा नव्हता. वसतिगृहातील रात्रीच्या अभ्यासिकेत मोठ्या मुली लहान मुलींना गणिते समजावीत, आणि उत्तर सांगण्याऐवजी पुढची पायरी विचारीत. ती पद्धत आम्हाला तिथे पुन्हा भेटली.

त्या प्रशिक्षणातला पहिला धडा ऐकण्याचा होता. इंग्रजी पुस्तकांत हृदयविकाराच्या झटक्याचे वर्णन ठरलेले असते: छातीच्या मधोमध दाब, वेदना डाव्या हाताकडे, घाम. आमच्या रुग्णांची भाषा निराळी. कोणी म्हणते, "छाती भरून आली." कोणी म्हणते, "गॅस वर चढलाय." कोणी नुसते म्हणते, "जीव घाबरा होतोय, सिस्टर." एखादी आजी जबडा धरून येते आणि दातांच्या डॉक्टरांची चौकशी करते. बायकांमध्ये, वृद्धांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीतली ठळक वेदना नसतानाही झटका येऊ शकतो. केवळ दम लागणे, मळमळ, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे, कधी न आलेला थकवा, एवढेच दिसते. म्हणून आता आम्ही "दुखते का?" एवढेच विचारत नाही. केव्हा सुरू झाले, त्या वेळी काय करीत होतात, थांबल्यावर कमी झाले का, कुठे पसरते, घाम आला का, असे विचारतो. रुग्णाने "काही नाही, जळजळ आहे" म्हटले तरी तो हात छातीवर कसा ठेवतो तेही पाहतो. बोटाने एक जागा दाखविणारा आणि मूठ आवळून साऱ्या छातीवर ठेवणारा, या दोघांची कहाणी बहुधा वेगळी असते. अर्थात हाताच्या खुणेवर निदान होत नाही. त्यासाठी पट्टी काढावीच लागते.

हे आम्ही आवर्जून लिहितो त्याला कारण आहे. आपल्यापैकी अनेकांना भाकऱ्या थापून वाढणाऱ्या एक मावशी आठवत असतील. त्यांना मधुमेह होता. एके दिवशी सकाळपासून पोटाच्या वर जळजळ होती, दोनदा उलटी झाली. गावातल्या दवाखान्यात त्यांना पित्ताचे इंजेक्शन आणि गोळ्या मिळाल्या. संध्याकाळी दम वाढला, तालुक्याला नेताना वाटेत त्या गेल्या. त्यांची पट्टी कोणी काढलीच नव्हती, त्यामुळे नक्की काय झाले ते कागदोपत्री कधीच कळणार नाही. परंतु चाळिशी उलटलेल्या, मधुमेह असलेल्या, घाम आणि उलटी घेऊन आलेल्या बाईची पट्टी काढायची असते, हे त्या खोलीत ठामपणे सांगणारे कोणी असते तर, हा विचार आम्हा सहा जणींच्या मनातून जात नाही.

पट्टी किती वेळात काढायची, याचा जगभर मान्य झालेला नियम आहे: छातीत दुखते असे म्हणत रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांत. विलेम आइंटहोव्हेन या डच शास्त्रज्ञाने हृदयातील सूक्ष्म विद्युत् प्रवाह कागदावर उमटविण्याचे तंत्र विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केले, त्याबद्दल त्याला १९२४चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या यंत्राला आता शंभर वर्षे उलटून गेली. ते आज खेड्यातल्या दवाखान्यातही दिसते. प्रश्न उरतो तो यंत्रामागे उभ्या असलेल्या माणसाचा. छातीवरची सहा टोके बरगड्यांमधील नेमक्या जागी लावावी लागतात. पहिली दोन चौथ्या फटीत, छातीच्या मधल्या हाडाच्या उजवीकडे आणि डावीकडे. चौथे टोक पाचव्या फटीत, गळ्याच्या हाडाच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर. ती एक फट वर सरकली तर पट्टी खोटे बोलू लागते. बायांच्या बाबतीत संकोचापोटी टोके साडीच्या पदराखालून अंदाजाने चिकटविली जातात, असे आम्ही अनेक ठिकाणी पाहिले आहे. प्रशिक्षणातल्या बाई म्हणत, "पडदा ओढा, चादर द्या, दार लावा, पण जागा चुकवू नका." रुग्णाची लाज राखणे आणि तिचा जीव राखणे ही दोन्ही कामे एकाच वेळी होऊ शकतात, आणि ती करणे हे परिचारिकेचेच कौशल्य आहे.

एसटी म्हटले की आपल्याकडे लाल बस आठवते. पट्टीवरही एसटी नावाचा एक लहानसा भाग असतो. तो शेजारशेजारच्या टोकांमध्ये वर उचललेला दिसला, तर हृदयाची एखादी रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली असण्याची दाट शक्यता असते आणि घड्याळ सुरू झालेले असते. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका दिसला तर उजव्या बाजूचीही टोके लावून पाहायची, कारण उजवा कप्पा बाधित असेल तर जिभेखालची सॉर्बिट्रेटची गोळी रक्तदाब एकदम खाली आणू शकते. मोबाइलवर फिरणारे "छातीत दुखले की लगेच सॉर्बिट्रेट ठेवा" हे संदेश आपण सर्वांनी पाहिले असतील. रक्तदाब न मोजता, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कोणाची तरी उरलेली गोळी दुसऱ्याच्या जिभेखाली ठेवू नये, ही विनंती इथेच करून ठेवतो.

परिचारिकेने पट्टी वाचावी का, हा प्रश्न आजही विचारला जातो. त्याचे उत्तर इतिहासाने केव्हाच दिले आहे. १९६०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे डॉ. लॉरेन्स मेल्ट्झर आणि परिचारिका रोझ पिनिओ यांनी हृदयरुग्णांसाठी वेगळा कक्ष उभा केला. झटक्यानंतरच्या पहिल्या तासांत हृदयाची लय अचानक बिघडून माणसे जात. यंत्रावर ती लय दिसे, विजेचा धक्का देऊन ती सुधारताही येई. परंतु धक्का देणारा डॉक्टर वॉर्डात पोहोचेपर्यंत मोलाची मिनिटे निघून जात. खाटेजवळ सदैव असणारी व्यक्ती परिचारिकाच होती. तेव्हा तिला लय ओळखायला आणि धक्का द्यायला शिकविले पाहिजे, हा त्या कक्षाचा पाया ठरला. त्यांनी १९६५मध्ये परिचारिकांसाठी या विषयावरचे पुस्तकही प्रसिद्ध केले. पुढे १९६७मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. किलिप आणि किम्बल यांनी २५० रुग्णांचा अनुभव मांडला. फुप्फुसांत खरखर ऐकू येते का, दम किती आहे, रक्तदाब पडला आहे का, एवढ्या साध्या तपासणीवरून त्यांनी रुग्णांचे चार गट पाडले. पहिल्या गटातील ६ टक्के रुग्ण दगावले, चौथ्या गटातील ८१ टक्के. त्यासाठी लागते काय? स्टेथोस्कोप, दोन कान आणि पाठीला कान लावण्याचा कंटाळा न करणारी परिचारिका. आज आमच्या ड्युटीच्या आरंभी प्रत्येक हृदयरुग्णाच्या पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला जातो, तो या आकड्यांच्या आठवणीने.

आता वेळेविषयी. इटलीतील १९८६च्या अभ्यासात सुमारे ११,८०० रुग्णांमध्ये गुठळी विरघळविणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेज या औषधाची परीक्षा झाली. दुखणे सुरू झाल्यापासून पहिल्या तासात औषध मिळालेल्यांचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. जसजसा उशीर होत गेला तसतसा लाभ कमी होत गेला. १९८८मध्ये आणखी मोठा, १७,१८७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हे औषध आणि सोबत साधी ॲस्पिरिन मिळालेल्यांचे पहिल्या पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराचे मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी झाले. ॲस्पिरिनची गोळी काही पैशांची असते. पैशांची गोळी आणि वेळेवर ओळखणारी माणसे, यांची जोड पडली तर हे घडते.

आपल्या देशात काय घडते? २००८मध्ये भारतातील २०,४६८ रुग्णांची नोंद अभ्यासणारा अहवाल प्रसिद्ध झाला. दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचण्यास लागलेला मध्यम काळ होता ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास. ज्या पहिल्या तासात सर्वाधिक लाभ, तो तर गावच्या ओट्यावर "जरा पडून बघू" म्हणण्यातच संपलेला. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे, जो आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे: गरीब रुग्णांपैकी ३० दिवसांत दगावणाऱ्यांचे प्रमाण ८.२ टक्के, श्रीमंतांपैकी ५.५ टक्के. गरिबांना योग्य उपचार कमी प्रमाणात मिळाले, हेच या फरकाचे मोठे कारण असल्याचे त्या अहवालात दिसले. आम्ही ज्या घरांतून आलो, ती घरे या दोन आकड्यांपैकी कोणत्या आकड्यात मोडतात, हे सांगण्याची आवश्यकता नाही. हा फरक कमी करणे अंशतः सरकारच्या हाती आहे, अंशतः डॉक्टरांच्या. आणि थोडासा का होईना, दारात रुग्णाला प्रथम पाहणाऱ्या परिचारिकेच्या हाती आहे.

तसे प्रयत्न आपल्या देशात झालेही आहेत. तामिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्या केंद्रांशी जोडून, लहान ठिकाणी पट्टी काढून औषध देण्याची आणि पुढे मोठ्या केंद्रात पाठविण्याची व्यवस्था उभी राहिली. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या २,४२० रुग्णांच्या अभ्यासात वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आल्याचे दिसले. दिल्लीत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'मिशन दिल्ली' या उपक्रमात प्रशिक्षित परिचारक मोटारसायकलवरून रुग्णाच्या घरी पोहोचतात, तिथेच पट्टी काढतात, ती दूरच्या हृदयरोगतज्ज्ञांना पाठवितात आणि त्यांच्या सल्ल्याने उपचार सुरू करतात. ही बातमी आम्ही वाचली तेव्हा आमच्यातील उपकेंद्रावरची मैत्रीण म्हणाली, "माझ्याकडे स्कूटी आहे. यंत्र द्या."

ज्ञान असूनही ऐकून घेतले जात नाही, असेही होते. आमच्यापैकी एकीचा अनुभव सांगतो. रुग्णालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. रात्री दोनच्या सुमारास पन्नाशीचा एक शेतमजूर आला. पट्टीत खालच्या भागाचा झटका स्पष्ट होता. तिने पट्टीवर वेळ लिहिली आणि ड्युटीवरील डॉक्टरांना फोन केला. उत्तर आले, "सिस्टर, तुम्ही तुमचे काम करा. पट्टी मी सकाळी बघतो." नव्या मुलीने इथेच फोन ठेवला असता. परंतु प्रशिक्षणात आम्हाला बोलण्याची एक शिस्त शिकविली होती: प्रथम परिस्थिती, मग पार्श्वभूमी, मग तपासणीत काय आढळले, आणि शेवटी आपल्याला काय हवे आहे. तिने पुन्हा फोन केला. "डॉक्टर, पन्नास वर्षांचा पुरुष, दीड तासापासून छातीत दुखते, घाम आहे. विडी ओढतो. रक्तदाब १०० आणि ६०, नाडी ५२. खालच्या तीन टोकांत एसटी वर आहे. आपण पाच मिनिटांत यावे अशी माझी विनंती आहे, आणि हा फोन केल्याची वेळ मी नोंदवहीत लिहीत आहे." त्यानंतर तिने वैद्यकीय अधीक्षकांनाही कळविले. डॉक्टर आले. औषध सुरू झाले तेव्हा रुग्ण दारात येऊन सव्वा तास झाला होता. तो गृहस्थ वाचला. मात्र त्याचे हृदय अशक्त झाले. आता त्याला ऊसतोडीला जाता येत नाही. लवकर उपचार मिळाले असते तर तो कोयता पुन्हा उचलू शकला असता का, हे कोणी खात्रीने सांगू शकणार नाही. पुढच्या महिन्यात आमच्या मैत्रिणीची बदली दुसऱ्या वॉर्डात झाली. कारण लेखी दिले गेले नाही.

शिकणे चालू ठेवण्याचे दुसरे कारण असे की, शास्त्र थांबत नाही. झटका आलेल्या प्रत्येक रुग्णाला प्राणवायू लावायचा, हे आमच्या काळात सर्व पाठ्यपुस्तकांत होते, सर्व वॉर्डांत तसेच चाले आणि तर्कालाही ते पटे. २०१७मध्ये स्वीडनमधील ६,६२९ रुग्णांच्या अभ्यासातून दिसले की, ज्यांच्या रक्तात प्राणवायू पुरेसा आहे त्यांना तो अधिक दिल्याने जीव वाचण्याच्या दृष्टीने काही लाभ होत नाही. आता बोटावरच्या यंत्रात प्रमाण ९० टक्क्यांच्या खाली असेल, तरच तो लावतात. तसेच इंजेक्शनचे. आपल्या लोकांचा कमरेतल्या सुईवर मोठा विश्वास असतो, नातेवाईक म्हणतात, "एक इंजेक्शन तरी मारा." परंतु गुठळी विरघळविणारे औषध द्यायचे असेल तर स्नायूत दिलेल्या सुईच्या जागी रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून अशा रुग्णाला ती टाळायची असते. असे बदल दर काही वर्षांनी होत राहतात. जिने परीक्षेनंतर पुस्तक मिटले, तिचे ज्ञान रुग्णाच्या उशाशी हळूहळू जुने होत जाते.

रुग्णालयातून घरी गेलेल्या माणसाची काळजी हा आमच्या शिक्षणातील सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. अशक्त हृदयाच्या रुग्णाला आम्ही सांगतो: रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीपूर्वी वजन करा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते अंगावर चढलेले मांस नसून साचलेले पाणी असते. दम लागण्याची वाट न पाहता दवाखाना गाठा. रात्री एका उशीऐवजी दोन लागू लागल्या, पावलावर बोट दाबल्यावर खळगा राहू लागला, तर तीही सूचनाच. दिवसभराचे मीठ एका सपाट चमच्यापुरते, म्हणजे पाच ग्रॅमपर्यंत. यावर घरची मंडळी म्हणतात, "आम्ही वरून मीठ घेतच नाही." मग विचारावे लागते: सुकट? सुका बोंबील? लोणचे, पापड, खारवलेली मिरची? आपल्या स्वयंपाकघरात मीठ कुठून येते, ते परदेशी पुस्तकात लिहिलेले नसते. बायांना विचारावे लागते, "मशेरी लावता का?" तंबाखू ओढली काय आणि हिरड्यांना चोळली काय, रक्तवाहिन्यांना त्यातला भेद फारसा कळत नाही. बरे वाटू लागल्यावर गोळ्या बंद करणे, हे आमच्या अनुभवातील पुन्हा भरती होण्याचे एक मोठे कारण आहे. गोळी चालू आहे म्हणून बरे वाटते, हे वाक्य आम्ही दिवसातून कितीदा म्हणतो याची गणती नाही.

निवासी शाळेच्या स्मरणिकेत एका हृदयरोगाविषयी लिहिणे आम्ही कर्तव्य मानतो, कारण त्याची सुरुवात मुलांच्या घशात होते. एका विशिष्ट जंतूमुळे घसा सुजतो, ताप येतो. त्यावर योग्य उपचार झाला नाही तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप येतो: मोठे सांधे एकामागून एक सुजतात, आणि त्याच तापात हृदयाच्या झडपांना इजा होऊ शकते. पाच ते पंधरा वर्षांची मुले याला सर्वाधिक बळी पडतात, आणि जिथे पुष्कळ मुले जवळजवळ झोपतात तिथे तो जंतू सहज पसरतो. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झाले तरी हा ताप टळू शकतो. एकदा तो येऊन गेला असेल, तर पुन्हा येऊ नये म्हणून बेन्झाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन तीन ते चार आठवड्यांनी, आपल्याकडे बहुधा दर २१ दिवसांनी, वर्षानुवर्षे घ्यावे लागते. आमच्या वसतिगृहात एका मुलीचे गुडघे असेच सुजत. थंडीचे दुखणे म्हणून तेल चोळले जाई, कारण त्या काळी कोणालाच अधिक माहिती नव्हती. पुढे पहिल्या बाळंतपणात तिला धाप लागली तेव्हा झडप आकुंचन पावल्याचे कळले. ती आज आहे, फुग्याने झडप रुंद करण्याचा उपचार झाला आहे, आणि हे लिहिण्यास तिने संमती दिली आहे. परंतु घशाच्या दुखण्यापासून त्या उपचारापर्यंतचा तिचा प्रवास टळू शकला असता.

आमच्या आज्या ज्या काळात जगल्या, त्या काळात त्यांचा स्पर्श झाला तर माणसे अंगावर पाणी घेत. त्यांच्या नातींचा हात आज कोणाच्याही मनगटावर असतो. रात्री तीन वाजता घामाघूम झालेला माणूस जात विचारत नाही. तो हात सोडू नका म्हणतो. या गोष्टीचा आम्हाला अभिमान आहे आणि तो आम्ही लपवीत नाही. परंतु हात नाडीवर ठेवण्याचा अधिकार मिळाल्यावर त्या हाताला काय कळते, हा प्रश्न उरतोच. त्यासाठीच आम्ही सहा जणी दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी रात्री फोनवर एकत्र येतो. प्रत्येकीने एक पट्टी आणायची, रुग्णाचे नाव झाकायचे, आणि बाकीच्या पाच जणींनी ती वाचायची. आखातातील मैत्रीण ड्युटी संपवून येते, उपकेंद्रावरची कधी कधी रेंज मिळावी म्हणून गच्चीवर उभी असते.

शेवटी आमचे काही प्रस्ताव शाळेपुढे ठेवतो. वसतिगृहात घसादुखीची एक वही असावी; ताप आणि घसा दुखणारे प्रत्येक मूल दोन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखविले जावे. ज्या मुलांना २१ दिवसांची इंजेक्शने चालू असतील त्यांच्या तारखा रेक्टरांच्या खोलीत लावलेल्या असाव्यात, म्हणजे सुटीत गावी गेलेल्या मुलाची तारीखही चुकणार नाही. स्वयंपाकघरातील आणि कार्यालयातील चाळिशीपुढच्या सर्व कर्मचाऱ्यांचा रक्तदाब व साखर वर्षातून एकदा तपासली जावी. ते काम आम्ही विनामूल्य करू. माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दिवशी सभागृहाच्या मागच्या खोलीत आम्ही बाहुली घेऊन बसणार आहोत. श्वास आणि हालचाल थांबलेल्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल कशी दाबायची, हे नववीपुढील प्रत्येक विद्यार्थ्याला आणि येणाऱ्या प्रत्येक पालकाला शिकवू. प्रत्येकाला सुमारे वीस मिनिटे लागतील.

आणि पालकांनो, एवढे लक्षात असू द्या. छातीत, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वर अनोळखी दुखणे, सोबत घाम किंवा दम, आणि ते थोड्या विश्रांतीने जात नसेल, तर रुग्णाला चालवू नका, दुचाकीच्या मागे बसवू नका. १०८ला फोन करा, दुखणे किती वाजता सुरू झाले ते कागदावर लिहा, चालू गोळ्यांची पिशवी बरोबर घ्या, आणि जिथे ईसीजी निघते अशाच ठिकाणी चला. तिथे पोहोचल्यावर दहा मिनिटांत पट्टी निघाली नाही, तर समोरच्या सिस्टरांना नम्रपणे विचारा. विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि ती सिस्टर आमच्यासारखी असेल तर तिला आनंदच होईल.